मागे राहिलेली पानं

“घ्या मावशी, ही तिची पिशवी. कपडे धुऊन, घड्या घालून आणलेत. मला नाही झेपत आता.”

पिशवी टेबलावर ठेवून बाई खुर्चीत बसली, तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले दिसले. शेजारी नऊ वर्षांची मुलगी भिंतीला गाल लावून उभी होती. तिची समज वयाच्या बरीच मागे होती आणि बोलणं आलंच नव्हतं. बालकल्याण कार्यालयाने सात महिन्यांपूर्वी तिला या बाईकडे सांभाळायला दिलं होतं. त्याआधीची चार वर्षं ती एका म्हाताऱ्या जोडप्याकडे होती.

टेबलामागच्या कारकूनबाईंना सगळं ऑफिस मावशी म्हणायचं. मुलांच्या फायली सांभाळण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती.

“होतं काय नेमकं?” त्यांनी विचारलं.

“आंघोळीचं नाव काढलं की आकांत. डोक्यावर पाणी पडलं की बोचकारते, चावते. शेजारी म्हणतात, मी पोरीला मारते. मी!” बाईने आपले ओरबाडलेले हात पुढे केले. “तुमच्या फाइलमध्ये पानं दोन. तिचं वजन आणि लसी. हिला सांभाळायचं कसं, ते कुठं लिहिलंय?”

दोनच पानं? मूल घर बदलतं तेव्हा आधीच्या घरातली प्रत्येक नोंद त्याच्याबरोबर गेलीच पाहिजे, असा कायदा होता. नव्या कारकुनांना तो मावशीच शिकवायच्या. त्यांनी कपाट उघडलं. ‘पाठवायचे’ अशी चिठ्ठी लावलेल्या गठ्ठ्यात मुलीचं पाकीट निघालं. झेरॉक्सचं मशीन बिघडलं म्हणून त्यांनीच ते पाकीट बाजूला ठेवलं होतं. ते राहूनच गेलं.

आतल्या पानांवर म्हातारीचं थरथरतं अक्षर होतं. बाई वाचू लागली. “‘डोक्यावरून पाणी ओतू नये. कानात पाणी गेलं की भेदरते. तिला तिचेच हात कानांवर ठेवू द्यावेत, मग आपणहून मान मागे करते. नको असलं की अंगठे मुठीत दाबते. तेव्हा थांबावं.’”

बाईने वळून पाहिलं. मुलीचे दोन्ही अंगठे मुठीत होते.

“सात महिने हे इथं पडून होतं?”

“हो. माझ्याच कपाटात. चूक माझी आहे, ताई.”

बाई रागावेल, असं मावशींना वाटलं. पण ती हळूच म्हणाली, “मी तिचे हात धरून ठेवायचे, मावशी. रोज. दोन्ही हात.”

तिने पिशवी उचलून खांद्याला लावली. “आज नेते. पुढचं बघू.”

बाई आणि मुलगी गेल्यावर साहेबांनी मावशींना केबिनमध्ये बोलावलं. “रजिस्टरात मागची तारीख टाका नि मोकळ्या व्हा. निवृत्तीला पाच महिने उरलेत. कशाला डाग लावून घेता?”

“मागची तारीख टाकली तर पानं वेळेवर मिळाली, असं होईल साहेब. मग दोष त्या बाईचा ठरेल.”

मावशींनी रजिस्टरात आजची तारीख घातली आणि उशिराचं कारण म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. पंधरा दिवसांनी ठपक्याचा मेमो आला, तो त्यांनी सही करून घेतला. मुलगी त्याच घरी राहिली.

गठ्ठ्यात आणखी अकरा पाकिटं होती. टपालावर न सोडता मावशी ती स्वतः घरोघर देऊन आल्या. कुणी चहा पाजला, कुणी चार शब्द सुनावले, त्यांनी दोन्ही मुकाट्याने घेतलं. शेवटचं घर एका उंच इमारतीत होतं. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई बाहेर आली.

“ते लोक केव्हाच गेले. कोण हवंय?”

मावशींनी त्या शेवटच्या पाकिटावरचं मुलीचं नाव वाचून दाखवलं.

“मुलगी?” शेजारीण आठवून पाहू लागली. “हो, होती एक. ओरडायची फार. तिला परस्पर बालगृहात परत देऊन टाकलं म्हणे. तिचं नाव हे होय?”

मावशींनी होकारार्थी मान हलवली आणि ते नाव पुन्हा एकदा, सावकाश, उच्चारलं.