उत्तरेची खिडकी

बायकोने काचेवर साबणाचं पाणी शिंपडलं, पांढऱ्या फुलांचा चिकट कागद वरच्या कडेला टेकवला आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने फुगे बाहेर ढकलत ती खाली सरकू लागली. समोरची इमारत हळूहळू दिसेनाशी झाली.

“ऊन फार येतं,” ती म्हणाली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

खुर्चीतल्या नवऱ्याच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. उभा जन्म त्याने गाडीत तिकिटं तपासली होती. न विचारता सबब सांगणारा प्रवासी विनातिकीट असतो, हे त्याला झोपेतही कळलं असतं. शिवाय ही खिडकी उत्तरेची. स्वयंपाकघरात दुपारभर ऊन तापतं, त्या काचेला मात्र तिने हात लावला नव्हता.

निवृत्तीपासून ही खिडकी म्हणजेच त्याची ड्यूटी होती. घरात काडीची मदत नाही, पण पहारा चोख. कोण कधी आलं, कुणाकडचा पाहुणा किती टिकला, सगळं तोंडपाठ. आणि नेमकी हीच काच झाकायची?

मग त्याला आठवलं. समोरच्या घरातला तो कुंड्यांना पाणी घालणारा माणूस मागे दुकानापाशी हिच्याशी बोलत होता. हा जवळ जाताच दोघंही गप्प झाले. विचारलं तर म्हणे, सहज. त्या घरातलं काहीतरी आपल्याला दिसू नये अशी हिची इच्छा आहे, एवढं त्याने पक्कं केलं. रात्रीचं जेवणही त्याला धड गेलं नाही.

ती बाहेर गेल्यावर त्याने खालच्या कोपऱ्यातला कागद नखाने खरवडला. डोळ्यापुरतं भोक पडलं. तिथे डोळा लावून तो दोन दिवस तासन्‌तास बसला. कुंड्या, पडदा, बाकी काही नाही. संशयाला मात्र खाद्य लागतंच असं नाही. शेवटी चपला घालून तो थेट समोरच्या जिन्याने वर गेला.

दार त्याच माणसाने उघडलं. तो चपापला, मग बाजूला झाला.

“या काका. काकूंनी सांगितलं वाटतं तुम्हाला. मलाच संकोच वाटत होता हो. त्या म्हणाल्या, ह्यांच्या मनात काही नसतं, बघत बसायची सवय आहे. मी करते काहीतरी, पण ह्यांना कळू देऊ नका, फार लागेल त्यांना.”

नवरा चपलांसकट आत आला.

“कागद लागल्यावर मुली परत खिडकीशी अभ्यासाला बसायला लागल्या होत्या,” तो माणूस चाचरत म्हणाला. “परवापासून पुन्हा...”

टेबल आतल्या भिंतीशी ओढलेलं होतं. दोन मुली पाठमोऱ्या बसल्या होत्या. एकीनेही वळून पाहिलं नाही. त्या खिडकीशी बसायच्या, याची त्याने कधी दखलही घेतली नव्हती. त्याने पलीकडे नजर टाकली. आपली खिडकी तो पहिल्यांदाच या बाजूने पाहत होता. पांढरी फुलं, एकही फुगा नाही, आणि खालच्या कोपऱ्यात काळा ठिपका. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

घरी बायको भाजी निवडत होती.

“त्या कागदाचा एखादा तुकडा उरलाय का गं?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग उठून तिने कपाटातून तुकडा काढला. तो आधीच कापून ठेवलेला होता, बरोबर भोकाच्या मापाचा.

“आधी काच ओली करा,” ती म्हणाली, “नाहीतर फुगा राहतो.”