अकरा ते तीन

पडद्यावरची निळी पट्टी मधोमध तुटलेली होती. अकरा ते एक असा एक तुकडा, दोन ते चार दुसरा, आणि मध्ये मोकळी जागा. पट्टीवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडदा रुमालानं पुसला, पुन्हा पाहिलं. तुटलेलीच.

"एक ते दोन ही टाकी करते तरी काय?" ते स्वतःशीच म्हणाले.

"जेवायला जात असेल," शेजारच्या टेबलावरची खरेदीवाली हसून म्हणाली.

त्या कारखान्यात मोठाल्या पोलादी टाक्या बनत. कोणती कधी कापायची, कधी जोडायची, कधी रंगवायची, याचा तक्ता करणं हे पट्टीवाल्यांचं काम. सव्वीस वर्षं त्यांनी तो कागदावर रंगीत पेन्सिलींनी पट्ट्या ओढून केला, त्यावरूनच हे नाव पडलं. तीन महिन्यांपूर्वी कागद गेला आणि नियोजनाचा प्रोग्राम आला. बाकीच्यांनी नाकं मुरडली. पट्टीवाल्यांना मात्र नवं खेळणं मिळाल्यासारखं झालं. कागदावर अर्धा दिवस म्हणजे अर्धा दिवस. या प्रोग्रामला तास कळत होते. नऊ ते सहा काम, एक ते दोन सुट्टी, एवढं एकदा सांगितलं की पुढचा हिशोब तो करी. सुट्टी आडवी आली की काम तोडायचं आणि दोन वाजता पुन्हा जोडायचं.

रंगाऱ्याचं ठीक होतं. तो ब्रश ठेवून जेवून येतो. पण ही पट्टी दाबाच्या चाचणीची होती. टाकीत पाणी भरायचं, दाब चढवायचा आणि चार तास तो उतरत नाही ना, हे पाहायचं. त्या दाबाला सुट्टी कशी कळावी?

एकचा भोंगा झाला तसे ते डबा टेबलावरच ठेवून चाचणीच्या शेडकडे निघाले.

शेडमध्ये टाकीसमोर उंच स्टुलावर एकच बाई बसली होती. सगळे तिला काटेबाई म्हणत. मांडीवर वही, नजर दाबाच्या काट्यावर.

"या. दुसरं स्टूल नाहीये हं," ती मान न वळवता म्हणाली.

"जेवायला नाही गेलात?"

"कशी जाणार? दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायचा असतो. एक चुकला की चाचणी पहिल्यापासून."

"मग जेवता कधी?"

"तीननंतर, टाकीचं पाणी सोडलं की. तोवर भूक मरते म्हणा." तिनं काचेवर टिचकी मारली, काटा पाहिला, आकडा लिहिला. "सकाळपासून पाणी पीत नाही. मध्ये उठायला नको."

"असं किती वर्षं चाललंय?"

"अकरा." आता तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "तक्ता तुम्हीच करता ना? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

पट्टीवाल्यांना तिची रजा आठवली. गेल्या वर्षी तिचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा 'चाचणी बंद, नऊ दिवस' अशी लाल पट्टी त्यांनी स्वतः ओढली होती, आणि तक्ता बिघडला म्हणून चरफडलेही होते.

"सकाळी नऊलाच सुरू केली तर?"

"नऊ ते अकरा भरायला जातात. रात्री भरून ठेवली तर पाणी गार पडतं, मग काटा खोटं बोलतो. दोनला सुरू केली तर सहा वाजतात. पाणी सोडायचं काम उद्यावर."

दुपारभर त्यांनी प्रोग्रामचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. 'काम तोडू नये' अशी एक खूण सापडली, तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली. पण सुट्टी आली की पट्टी तुटे ती तुटेच. चाचणी दोनला नेली, तर एकेक टाकी दोन दिवस जागा अडवून बसे आणि शेवटची तारीख सतरा दिवस पुढे पळे. अखेर त्यांनी त्या एका कामापुरतं वेगळं वेळापत्रक केलं. त्यात दुपारची सुट्टीच ठेवली नाही. पट्टी सांधली. अकरा ते तीन, अखंड. पट्टीवाले शीळ घालत घरी गेले.

जेवताना बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे उद्या ती बाई किती वाजता जेवणार?"

"तीननंतर."

"आज?"

"तीननंतरच."

"मग केलंत काय तुम्ही? आजवर उपाशी राहत होती, आता रीतसर राहील."



सकाळी ते साहेबांच्या केबिनमध्ये उभे होते. "एक ते दोन तिथे दुसरा माणूस लागेल."

"माणूस कुठून आणू, पट्टीवाले? आणि तिची काही तक्रार आहे का?"

"तिची नाही. माझ्या तक्त्याची आहे." "माणूस मी आहे. मी दोनला जेवेन."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ती शिकवेल आणि ती पास करेल, तर बसा."

खरी अडचण तिथेच होती. "माझा अकरा वर्षांत एक आकडा चुकलेला नाही," काटेबाई म्हणाली. "तुमचा चुकला तर वही माझी खराब होणार."

"शिकवून तर बघा."

आठ दिवस तिनं त्यांना शेजारी उभं केलं. आधी टिचकी, मग वाचायचं, कारण काटा आळशी असतो. डोळा काट्याच्या समोर, वरून नाही. घड्याळ आधी, आकडा नंतर. तीनदा तिनं त्यांना नापास केलं आणि एकदा तर सरळ हसली. नवव्या दिवशी वही त्यांच्या हातात दिली, डबा उचलला आणि दारात थांबून दोनदा मागे पाहिलं. मग गेली.

पट्टीवाले स्टुलावर बसले. सव्वा, दीड. काटा हलत नव्हता, आणि तो हलत नाही हे पाहत राहण्यात एवढं काम असतं याची त्यांना कल्पना नव्हती. पावणेदोनचा आकडा लिहीत होते तेवढ्यात ती परतही आली.

"एवढ्यात? अजून पाव तास आहे."

"झालं जेवण." तिनं वही घेतली आणि तिन्ही आकडे बोट ठेवून तपासले. "बरोबर आहेत."

"कँटीनमध्ये जागा मिळाली ना?"

"मिळाली. कोपऱ्यातल्या टेबलावर बायका होत्या, त्या सरकल्या." ती पदरानं हात पुसत राहिली. "त्यातल्या एकीनं विचारलं, नवीन लागलात का?"

"मग? काय सांगितलंत?"

"हो म्हटलं."

पट्टीवाले स्टुलावरून उठले. ती बसली, घड्याळ पाहिलं आणि काचेवर हलकेच टिचकी मारली.