फळ्यावरचं ‘स्टिक अराउंड’

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. उमरीच्या शाळेत माझ्यावर कैक पोरं पाढे शिकली. मग पांढरे गुळगुळीत फळे आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला सुदर्शन सरांनी उचललं, काळा रंग दिला आणि मुदखेडच्या आपल्या इंग्रजी क्लासात टांगलं. मी पुन्हा माणसांत आलो.

एका दुपारी सरांनी माझ्यावर लिहिलं, ‘स्टिक अराउंड’.

“म्हणजे चिकटून बसायचं का, सर?” पहिल्या बाकावरच्या अयोध्याने विचारलं. वर्ग हसला.

“चिकटायचं न्हाई. जाऊ नको, इथंच थांब, असं दोस्ताला म्हणायचं. साहेबाला म्हणू नका फक्त.”

अयोध्याला तो शब्द फार आवडला. क्लास सुटला की ती तेच म्हणून मैत्रिणींना अडवायची.

पुढे ती तापाने फणफणली. दवाखान्यात तिला बघून आलेल्या सरांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘अयोध्या, स्टिक अराउंड’, आणि फोटो काढून तिला पाठवला. तिने तो पाहिला. त्याच संध्याकाळी ती गेली.

सरांनी ती ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी ती ओळ पुन्हा होती. ओल्या फडक्याने पुसली, तरी होती. भर दुपारी रिकाम्या वर्गात कुणाचं तरी गार बोट माझ्यावरून फिरायचं, एकेक अक्षर गिरवायचं. मी लाकूड, तरी मला भीती वाटायची. पोरं क्लास सोडू लागली.

मग अयोध्याची आई, कावेरीबाई आल्या.

“सर, पोरगी सपनात बी न्हाई येऊन राहिली. इथं अडकली का वो? काय लिवलं तुमी?”

सरांनी अर्थ सांगितला.

“तुमी थांब म्हनलात, ती थांबली. लई ऐकणारं लेकरू माजं. आता मोकळं करा तिला.”

सर खडू घेऊन ‘गो’ लिहू लागले. कावेरीबाईंनी त्यांचा हात धरला.

“जा म्हनू नका. उंबऱ्यात ती ‘येते’ म्हनायची, मी ‘ये’ म्हनायचे.”

त्यांनी माझ्यावर तळहात टेकला. “ये, बाई.”

सकाळी ती ओळ नव्हती. खाली कोपऱ्यात, अयोध्याच्या अक्षरात, एकच शब्द होता: ‘येते’.

सर रडले. पण मित्रांनो, तिने निरोप घेतला की ती परत येणार आहे, हे मला अजून कळलेलं नाही. कावेरीबाई मात्र रोज दुपारी पहिल्या बाकावर येऊन बसतात, शेजारी जागा सोडून. म्हणून विनवणी एवढीच, माझा तो कोपरा पुसू नका. आणि निघालेल्या माणसाला ‘थांब’ म्हणताना जपून म्हणा. एखादं लेकरू ऐकतं.