न दुखणारा पाय

दवाखान्यात तिला सगळे पायवाली सिस्टर म्हणत. तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत एक उंच खुर्ची, एक बुटकं स्टूल आणि एक निळा टब. खुर्चीवर पेशंट, स्टुलावर ती. बोटांमधल्या चिखल्या, टाचांच्या भेगा, मांसात रुतलेली नखं, कुरुपं, एकोणीस वर्षं ती हेच बघत आली होती. साखरेच्या पेशंटांना ती रोज तेच सांगायची. पाय कोमट पाण्यानं धुवा, पण पाणी किती गरम आहे ते कोपरानं बघा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. टाचांना मलम लावा, बेचक्यांत नको. नखं सरळ कापा. बुटात पाय घालण्याआधी आतून हात फिरवा. आणि कुरुपाला स्वतः ब्लेड लावू नका. हे शेवटचं ती दोनदा सांगायची, कारण तिथंच माणसं मान डोलावून घरी जात आणि हवं तेच करत.

तिच्या सख्ख्या मोठ्या भावाला साखर होऊन बारा वर्षं झाली होती. दादाचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. सकाळी आठ ते रात्री आठ तो उभा. हात इतका हलका की गिऱ्हाइकं दाढी करता करता डुलक्या घेत. तिनं पाय दाखव म्हटलं की तो हसण्यावारी न्यायचा. दिवसभर लोकांचे पाय धरतेस, घरी आल्यावर तरी ताठ मानेनं बस, म्हणायचा.

एका रविवारी दुपारी ती त्याच्याकडे जेवायला गेली. वहिनी फरशी पुसत होती. गेले चार दिवस चहा कुठून सांडतो कळत नाही, असं ती वैतागून म्हणाली. सिस्टरनं खाली पाहिलं. दारापासून पलंगापर्यंत रुपयाएवढे तपकिरी डाग होते, एक पाऊल सोडून एक. तो चहा नव्हता. तिला वासावरूनच कळलं.

दादा पलंगावर पेपर वाचत होता. तिनं काही न विचारता त्याचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला. अंगठ्याखालच्या गादीवर कुरूप होतं तिथं आता भोक होतं. कडा पांढऱ्या पडलेल्या, आत ओलं. दहा दिवसांपूर्वी त्यानं वस्तऱ्यानं ते तासून काढलं होतं आणि वर औषधी पट्टी लावली होती. सफाईनं काढलं, असं त्यानं अभिमानानं सांगितलं.

तिनं जखमेच्या कडेला बोटानं दाबलं.

"दुखतंय?"

"अजिबात नाही," दादा म्हणाला. "म्हणजे बरं होतंय ना?"

हेच वाक्य तिनं त्या उंच खुर्चीवरून शेकडो वेळा ऐकलं होतं. साखरेनं पायाची जाणीवच मेली की माणसं असं म्हणत.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला दवाखान्यात नेलं. हाडापर्यंत पू गेला होता. आठवड्याभरात अंगठा काढावा लागला. डॉक्टरांनी बजावलं की सहा आठवडे त्या पायावर अजिबात उभं राहायचं नाही. ती रोज कामावरून सुटली की दादाकडे जाऊन ड्रेसिंग करायची. तिसऱ्या आठवड्यापर्यंत जखम लाल, स्वच्छ होती. तिला वाटलं, निभावलं.

मग जखम काळवंडायला लागली. ती औषधं तपासत राहिली, साखर तपासत राहिली, वहिनीच्या स्वयंपाकावरही तिनं संशय घेतला. वहिनी रडली. दादा खाली मान घालून बसून होता.

चार दिवसांनी तिच्या खोलीत एक निवृत्त मास्तर आले, टाचेची भेग दाखवायला. ती स्टुलावर बसली, वर पाहिलं, तर मास्तरांच्या कानाजवळची रेष ताजी कापलेली होती. अशी रेष गावात एकच माणूस काढायचा. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. मास्तर कौतुकानं म्हणाले, तुमचे दादा म्हणजे दादाच. इतका आजारी माणूस, पण जुन्या गिऱ्हाइकांसाठी रोज दुपारी दोन तास येतो.

रोज दुपारी. ती कामावर असताना, वहिनी शिवणाच्या क्लासला गेलेली असताना.

संध्याकाळी ती त्याच्यावर ओरडणार होती. वाटेत सगळी वाक्यं जुळवूनही झाली होती. पण तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "चिमे, घरात बसलो की मी कुणीच नसतो गं. आणि पाय दुखला असता तर मी गेलो नसतो."

ती खाली बसली आणि पट्टी सोडू लागली. त्याला दोष द्यावा तर दुखणंच त्याच्या बाजूनं नव्हतं. पाय त्याला काही सांगतच नव्हता, आणि ती जे सांगत होती ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

महिन्याअखेरीस डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. वहिनीनं संमतीचा कागद तिच्याकडे सरकवला, म्हणून सही सिस्टरनं केली. नात्याच्या रकान्यात तिनं बहीण लिहिलं.

सलून एका ओळखीच्या माणसानं चालवायला घेतलं. दादानं उंच स्टुलावर बसून काम करून पाहिलं, पण गिऱ्हाइकाभोवती फिरता येत नाही, आणि एका बाजूनं केस कापता येत नाहीत. आता तो कुबडीवर घरात फिरतो. सिस्टरनं सांगितलेलं सगळं अक्षरशः पाळतो. कोपरानं पाणी बघतो, बेचक्या पुसतो, बुटात हात फिरवतो. एवढा शहाणा पेशंट तिला एकोणीस वर्षांत भेटला नव्हता.

परवा ती गेली तेव्हा त्यानं स्वतःहून उजवा पाय पुढे केला. टाचेच्या बाहेरच्या अंगाला नखाएवढा लाल डाग होता. एकट्या पायावर साऱ्या अंगाचा भार पडत होता. तिनं बोटानं दाबलं. लाली गेली नाही, म्हणजे आतलं मांस दबून मरायला लागलं होतं.

दादा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"काय गं?"

"थोडं लाल आहे," ती म्हणाली. "उद्या रिक्षानं दवाखान्यात नेते. तेवढं सोडलं तर आठ दिवस पलंगावरून उतरू नकोस."

"नाही उतरणार," तो म्हणाला, आणि त्याला खरंच तसं करायचं होतं. तिनं टाचेखाली उशी ठेवली, टाच अधांतरी राहील अशी, आणि पाय हातात धरून बराच वेळ तशीच बसून राहिली. तिचे हात गार होते की गरम, हे त्याला कळत नव्हतं.