मिळमिळीत ठेचा

चाळिशी जवळ आलेल्या माणसाला कबड्डी खेळ म्हणून कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळाची पिकनिक, समोर हिरवंगार मैदान, आणि शार्दूलच्या अंगात कॉलेजचा संघ संचारलेला. शरयू झाडाखाली वडे वाढत होती. आरडाओरडा ऐकून तिने वर पाहिलं, तर समोरच्या संघातल्या निमिषने तिच्या नवऱ्याचे, शार्दूलचे, पाय धरले होते आणि नवरा थेट डोक्यावर आपटत होता.

शार्दूल उठून बसला, हसलासुद्धा. "काही नाही यार, चल पुढे." मंडळातले राजीवकाका "थांब, मान मोडून देतो" म्हणत पुढे सरसावले, पण तेवढ्यात कुणीतरी ९११ला फोन करून मोकळं झालं होतं. अँब्युलन्सवाल्यांनी त्याच्या मानेला जाड पट्टा बांधला आणि त्याला उचललं.

आता तो हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत उताणा पडून छताकडे बघत होता. मानेचं दुखणं म्हणजे खेळ नाही. इथे काही तुटलं तर माणूस जन्माचा अंथरुणाला खिळतो, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

"हातांची फार आग होतेय गं," शार्दूल म्हणाला. हे तो अँब्युलन्समध्येही म्हणाला होता.

"होणारच! सकाळी मिरच्या कोणी चुरल्या?"

अख्ख्या मंडळाचा ठेचा त्या दोघांनी घरी केला होता, आणि शार्दूलचा हट्ट असा की ठेचा हातानेच कालवायचा. पिकनिकची फुशारकी आता हाताला लागली, असं शरयूला वाटलं, आणि मनातल्या भीतीला चिडायला जागा मिळाली म्हणून तिला बरंही वाटलं.

डॉक्टर बाई आल्या. हातात बोटं देऊन "दाबा" म्हणाल्या, पाय हलवून पाहिले. "हातापायांत बधिरपणा? मुंग्या?"

"नो," शार्दूल म्हणाला. खोटं नव्हतं ते. मुंग्या नव्हत्याच. आणि मिरची लागलेल्या हातांची तक्रार डॉक्टरकडे कोण करतं?

सीटी स्कॅन झाला. निमिष तोंड पाडून दाराशी उभा होता. आपल्यामुळे झालं, हे त्याच्या जिवाला लागलं होतं. शरयूने त्याला दही आणायला पिटाळलं. मिरचीवर दही लावतात. कॅफेटेरियात साधं दही कुठलं मिळायला? तो स्ट्रॉबेरीचं घेऊन आला. शरयू ते गुलाबी दही नवऱ्याच्या तळव्यांना लावू लागली, तर तो कळवळला. "हळू! हातसुद्धा लावू नकोस."

"नाटकं नकोत," ती म्हणाली.

डॉक्टर बाई परत आल्या त्या हसतच. सीटी स्वच्छ होता, मणके सगळे जागच्या जागी. "पट्टा काढू या. मग मान हळूहळू दोन्हीकडे वळवून दाखवा, आणि घरी जा."

शार्दूलने सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टर बाईंनी हनुवटीखालचा पट्टा धरला. त्याची चिकटपट्टी चर्रकन सुटू लागली.

"वहिनी, एक सांगू?" निमिष दह्याच्या कपाकडे बघत पुटपुटला. "त्या ठेच्यात जळण्यासारखं होतं काय? राजीवकाका सगळ्यांसमोर म्हणाले, हा ठेचा आहे की कोशिंबीर?"

शरयूचा हात थबकला. खरंच की. इंडियन स्टोअरमधल्या लवंगी मिरच्या संपल्या, म्हणून शार्दूलने सुपरमार्केटातल्या जाडजूड, गोडसर मिरच्या आणल्या होत्या. सगळ्या पिकनिकभर त्या मिळमिळीत ठेच्याची टर उडाली होती. आणि तो ठेचा तिनेही कालवला होता, ह्याच हातांनी. तिच्या हातांना काहीसुद्धा होत नव्हतं.

"स्टॉप!" ती एवढ्या जोरात ओरडली की पलीकडची नर्स धावत आली. "काढू नका तो पट्टा! त्याचे हात जळतायत. पडल्यापासून जळतायत!"

डॉक्टर बाईंचं हसू मावळलं. त्यांनी पट्टा होता तसा घट्ट केला. कापसाचा बोळा शार्दूलच्या तळहातावरून नुसता फिरवला, तर तो कळवळून ओरडला. "हलू नका," त्या म्हणाल्या. "अजिबात हलू नका." मग शरयूकडे वळल्या. "हातांची अशी आग मज्जारज्जूला मार लागल्याची खूण असू शकते. सीटीत मुख्यतः हाडं दिसतात. हाडांना बांधून ठेवणारे बंध आणि आतली मज्जारज्जू बघायला एमआरआय लागेल. आत्ता."

एमआरआयच्या बंद दारामागे यंत्र ठकठकत राहिलं. शरयू बाहेर बसली होती. 'नाटकं नकोत' हे स्वतःचे शब्द तिला राहून राहून ऐकू येत होते, आणि प्रत्येक वेळी जीभ छाटून टाकावीशी वाटत होती. निमिष शेजारी बसला.

डॉक्टर बाईंनी स्क्रीनवर दाखवलं. मानेतल्या मणक्यांच्या मागचा बंध फाटला होता, आणि करड्या मज्जारज्जूत एक पांढुरका डाग उमटला होता. सूज. हाडं जागेवर होती ती केवळ पट्ट्याच्या आधाराने.

"आणि पट्टा काढून त्याने मान वळवली असती तर?" शरयूने विचारलं.

"मीच वळवायला सांगितलं होतं," एवढंच डॉक्टर बाई म्हणाल्या.

ऑपरेशनला नेण्याआधी शरयूला त्याच्याजवळ जाऊ दिलं. त्याच्या बोटांवर गुलाबी दही वाळलं होतं. त्याचा हात धरायची तिला फार इच्छा झाली, पण धरता येत नव्हता. तिने चादरीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"शरयू," तो कुजबुजला, "अजून जळतायत गं."

"जळू देत रे," ती म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला रडू फुटलं. "आता काहीही झालं तरी मला सांगत राहा. जळायचे थांबून बधिर झाले तर आधी सांग."