कौशल्याच्या नावाची डबी

चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये कौशल्या आणि मी पोळ्या लाटायचो. जेवणाला हात लावणारी माणसं निरोगी हवीत, म्हणून दर सहा महिन्यांनी आमची संडासची तपासणी व्हायची. प्लास्टिकच्या छोट्या डब्या वाटायचे. वर नाव लिहायचं आणि घरून भरून आणायची. दोष निघाला की त्या बाईचं काम बंद, घरी बसा. पुरुषमंडळी त्या डब्यांवरून जे विनोद करायची ते इथे नकोत.

दोन वर्षांपूर्वी काळेवाडीहून निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये कौशल्या माझ्या कानाला लागली. "केसर, रक्त पडायलंय गं. मूळव्याध असंल. पण रिपोर्टात आलं तर काढतील मला. माझी डबी तूच भर."

"आता हेही काम माझ्याच गळ्यात का?" म्हणून मी हसले आणि दोन्ही डब्या भरल्या. एकदा नाही, चार वेळा. मोठी शहाणी समजायचे स्वतःला. मैत्रिणीची नोकरी वाचवली म्हणून मनातून फुशारायचेसुद्धा. ती वाळत चालली तेव्हा मी तिला उपास कमी कर म्हणून झापलं. डॉक्टरकडे चल, एवढं काही तोंडातून निघालं नाही.

मागच्या आठवड्यात ती पोळपाटासमोरच कोसळली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, लिव्हरमध्ये गाठी.

दवाखान्यात तिचा मुलगा ज्ञानेश डॉक्टरीणबाईंसमोर फाईल उघडून बसला होता. मी शेजारी. पोरगं चार दिवस झोपलं नव्हतं, पण त्याच्या तोंडावर आशा होती.

"मॅडम, कंपनीचे रिपोर्ट बघा ना. चारही चांगले आहेत. शेवटचा तर पाच महिन्यांपूर्वीचा, त्यातही रक्त नाही. म्हणजे आजार नवाच आहे ना? लवकर सापडलाय ना?"

बाई कागद उलटसुलट करून बघू लागल्या. मला गप्प बसता आलं असतं. पण त्या कागदांवर तिचे उपचार ठरतील की काय, अशी भीती वाटली.

"ते रिपोर्ट माझे आहेत," मी म्हणाले. "तिला दोन वर्षं रक्त जातंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तेव्हाच कळलं असतं तर?" मीच विचारलं.

"आतड्यापुरताच असता तर ऑपरेशननं बऱ्या व्हायची शक्यता पुष्कळ होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता औषधांनी थोडे दिवस वाढवता येतील. तेवढंच."

ज्ञानेश ओरडला नाही. त्याने शिव्या घातल्या असत्या, दोन ठेवून दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्याने फाईलमधून ते चार कागद काढले, नीट जुळवले आणि माझ्या हातात दिले.

"मावशी, हे तुमचे. तुमची तब्येत चांगली आहे."