दुसरा ब्रेक

“यात चूक कोणाची, हे कुठं लिहायचं?” बाबांनी विचारले.

काउंटरपलीकडच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. विमा कंपनीच्या कचेरीत सकाळपासूनचा हा आमचा तिसरा काउंटर होता. बाबांचा वॉकर मी खुर्चीला टेकवून ठेवला होता आणि तो घसरू नये म्हणून पायाने अडवून धरला होता.

“ते लिहायचं नसतं, काका. हा नो-फॉल्टचा दावा आहे. चूक कुणाचीही असो, इजा झाली की भरपाई मिळते. म्हणून तर तुम्हाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत.”

“पण कुणी विचारलं तर?”

“कुणी विचारणारच नाही.”

बाबांनी पेन खाली ठेवले. “तेच तर म्हणतोय मी.”

या कागदावर सही करायला त्यांनी नकार देण्याची ही तिसरी वेळ होती. आधीच्या दोन्ही वेळा घरी दिला होता. अपघाताला पाच महिने झाले होते आणि मुदत शुक्रवारी संपत होती. त्यांच्या खुब्याची दुसरी शस्त्रक्रिया या सहीवर अडली होती. ती लांबली तर वॉकर कायमचा, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. बाबांनाही ते ठाऊक होते. मान डोलावून त्यांनी ऐकून घेतले होते, एखाद्या दुसऱ्याच माणसाबद्दल ऐकावे तसे.

बाबा एकतीस वर्षे मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवत होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की तो दाबायचा. बाबा तो इतक्या अलगद दाबत, की शिकणाऱ्याला वाटे आपणच वेळेवर थांबलो. “हं, बरोबर थांबलास,” असे वर म्हणतही. लहानपणी मागच्या सीटवरून मी हे कितीदा पाहिले होते, आणि गुपित राखायचे म्हणून खिडकीबाहेर तोंड करून हसले होते.

आईला मात्र त्यांनी कधी शिकवले नाही. राहून गेले, इतकेच. ते निवृत्त झाले तेव्हा मी फोनवर म्हणाले, “बाबा, सगळ्या गावाला शिकवलंत आणि आई अजून बसची वाट बघते. दिव्याखाली अंधार!”

मागून आईचा आवाज आला, “बरं बोललीस! आता शिकणारच मी. तुझ्याकडे एकटी येते की नाही बघ. यांच्या चपला सापडेपर्यंत माझी निम्मी वाट संपलेली असेल.”

आम्ही तिघेही हसलो होतो.

शाळेच्या मालकांनी दुसरा ब्रेक असलेली गाडी देऊ केली होती. आईने हात झटकला. “छपरावर पाटी घेऊन हिंडायला मी काय जाहिरात आहे? या वयात शिकतेय, हे अख्ख्या गावाला कशाला कळायला हवं?” बाबांनी फार ताणले नाही. घरची गाडी काढली. रोज सकाळी तासभर. आई एका वहीत त्या दिवसाचा धडा लिहून ठेवी. ती वही तिच्या पर्सबरोबर मला इस्पितळातून मिळाली. ‘आज तीनदा बंद पडली. हे ओरडले नाहीत.’ ‘आज मागच्याने हॉर्न वाजवला. हे म्हणाले, वाजवू दे. त्याला घाई आहे, आपल्याला नाही.’ शेवटची नोंद अठराव्या दिवसाची होती: ‘आज चौक जमला.’

एकोणिसाव्या दिवशी पोस्टाच्या चौकात आडव्या रस्त्याने एक मालवाहू व्हॅन आली. आईने ती पाहिली आणि तिचे हातपायच थिजले. बाबांनी पाय दाबला. एकतीस वर्षे जिथे ब्रेक होता तिथेच दाबला. खाली फक्त रबरी मॅट होती.

व्हॅनवाला म्हणाला, बाई एकदम पुढे आल्या. पोलिसांच्या कागदावर ‘चालक: मयत’ असे दोन शब्द होते. आणि आत्या, भेटायला आलेल्या चार माणसांदेखत, म्हणाली, “साठीला आलेल्या बाईनं स्टिअरिंग धरायचंच कशाला? हौसेला मोल नसतं, पण म्हणून हे?” बाबा आतल्या खोलीत पलंगावर होते. दार उघडे होते.

त्या दिवसापासून त्यांनी एकच धरून ठेवले होते. दोष आईच्या नावावर राहता कामा नये. तो तिचा आहे असे कोणत्याच कागदावर लिहिलेले नाही, हे मी त्यांना समजावत राहिले. “पण नाही, असंही कुठं लिहिलेलं नाही,” ते म्हणत.

“असं करू,” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “सही राहू दे. आधी हा इजेचा रकाना पुरा करू. एक प्रश्न रिकामा राहिलाय.” त्यांनी चष्मा खाली घेतला. “धडक बसली तेव्हा उजवा पाय कसा होता?”

मी बाबांकडे पाहिले नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, की पाय सैल असता तर खुबा वाचला असता. पाय ताठ रोवलेला होता, म्हणून सगळा धक्का वर चढला. मी ते बाबांना सांगितले नव्हते.

“ताठ होता,” बाबा म्हणाले.

“ताठ म्हणजे?”

“ब्रेकवर.”

बाई लिहिता लिहिता थांबल्या. “काका, गाडी तर काकू चालवत होत्या ना?”

“हो.”

“मग तुमच्या बाजूला ब्रेक...”

“नव्हता.”

मागच्या टेबलावर कोणीतरी दणादण शिक्के मारत होते. बाईंनी कागद थोडा स्वतःकडे ओढला.

“मला जरा नीट सांगा, काका. मला गाडी येत नाही. भीती वाटते म्हणून शिकलेच नाही मी.”

“भीती वाटते ते चांगलंच आहे,” बाबा जुन्या सवयीने म्हणाले. “ज्याला वाटत नाही त्याला मी स्टिअरिंगला हात लावू देत नसे.” मग म्हणाले, “आमच्या हिलाही वाटायची. मी शेजारी असलो की वाटत नसे.”

बाईंनी कागद पुन्हा सरळ केला.

“शाळेची गाडी मिळत होती,” बाबा म्हणाले. “दुसरा ब्रेक असलेली. ती नको म्हणाली आणि मी ऐकलं. तिला काय माहीत? तिला वाटायचं, हे आहेत ना. माहीत मला होतं. एकतीस वर्षं काय केलं मी दुसरं? हे लिहा.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. शेजारच्या काउंटरवरचा माणूस तरीही वळून बघत होता.

बाई लिहू लागल्या. संपल्यावर त्यांनी हळू आवाजात वाचून दाखवले. “‘दावेदार शेजारच्या सीटवर होते. धोका दिसताच त्यांनी ब्रेक दाबण्यासाठी उजवा पाय पूर्ण जोराने रोवला. त्या जागी ब्रेक नव्हता.’ एवढंच बसतं इथं.”

“‘आणि हे त्यांना माहीत होतं’, असं पुढं.”

बाईंनी समासात, बारीक अक्षरात, तेही लिहिले. “यानं दाव्याला काही फरक पडत नाही, काका. पैसे तेवढेच मिळतील.”

“ठाऊक आहे.” बाबांनी कागदावरून बोट फिरवले. “आणि चालकाची चूक नव्हती, एवढं.”

“ते मला लिहिता येत नाही.” बाईंनी मान हलवली. “कुणाची चूक होती असं लिहिता येत नाही आणि नव्हती, असंही लिहिता येत नाही. खरंच नाही येत, काका.”

बाबांनी समासातली ओळ पुन्हा एकदा वाचली. मग पेन उचलून त्यांनी सही केली. अक्षर वळणदार, शाळेच्या दाखल्यांवर करायचे तसेच.

माझ्याजवळही एक वाक्य होते. फोनवर हसत बोललेले. पाच महिने मी ते तोंडात धरून होते आणि ते विचारणारा रकाना कोणाकडेच नव्हता. बाईंनी टाचणी दिली. मी कागद नीट जुळवले आणि टाचले.

बाहेर ऊन होते. बाबांना माझ्या गाडीत बसवायला वेळ लागतो. आधी पाठ, मग डावा पाय, मग दोन्ही हातांनी उचलून उजवा. वॉकर मागे टाकला. निघालो.

पहिल्याच वळणावर त्यांचा पाय मॅटवर दाबला गेला. ओठ आवळले गेले, कारण दाबले की खुब्यातून कळ येते. हे रोजचेच होते. इस्पितळाच्या खेपा घालताना पाच महिने मी ते बघत होते आणि बघून न बघितल्यासारखे करत होते. फार तर हळू चालवायची. ते म्हणायचे, “चालव ग नीट, मी काही काचेचं सामान नाही.”

दुसऱ्या वळणावर मी समोर बघत असतानाच डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्या पायावर लक्ष ठेवले. गुडघा किंचित उचलला गेला. त्याच क्षणी मी ब्रेकवर पाय टेकवला. गाडी मंद झाली. त्यांना जोर लावावाच लागला नाही.

त्यानंतर प्रत्येक वेळी मी तसेच केले. शाळेपाशी, गतिरोधकावर, फाटकाशी. त्यांचा पाय खाली येई आणि गाडी थांबे. अलगद. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले की नाही, मला माहीत नाही. त्यांनी माझ्याआधी हजारदा हे केलेले होते. त्यांना कळले नसेल असे मी म्हणणार नाही.

पोस्टाचा चौक टाळता येण्यासारखा होता. मी मागच्या रस्त्याकडे वळण्याचा दिवा लावला, तर ते म्हणाले, “सरळ घे.”

चौक रिकामा होता. आडव्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना, नजर पोचेल तिथवर, काहीही येत नव्हते. बाबांचा पाय मॅटवर पूर्ण टेकला. मी ब्रेक दाबला. गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे, हातभर जागा राखून, थांबली.

ते समोर बघत होते. पाय उचलत नव्हते. मीही उचलला नाही.

मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग पुन्हा, लांबलचक.

“वाजवू दे,” बाबा म्हणाले.